तपशिलात न जाता

एका जंगलात शिकलेले प्राणी फार झाले होते. मुलांनो, असं होतं कधीकधी. गवत बरं येतं, पोट भरतं, आणि मग संध्याकाळी करायचं काय असा प्रश्न पडतो. त्या जंगलात संध्याकाळी व्याख्यानं होत.

व्याख्यानं बहुतेक एकाच थोर पुरुषावर असत. त्यांना छायाचार्य म्हणत. जातीने सरडा. फार जुन्या काळी, कोणाच्याही आजोबांना आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, त्यांनी एक शोध लावला होता. उंच वस्तूवर न चढता, नुसती तिची सावली पाहून तिची उंची सांगायची. समोरच्या डोंगराची उंची त्यांनी खाली दगडावर बसून सांगितली होती म्हणे. डोंगर अजून तिथेच आहे. उंची किती सांगितली होती, ते मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

बाकी सगळं लक्षात होतं. छायाचार्य लहानपणी वर्गात उन्हाकडे बघत बसत, म्हणून गुरुजींनी त्यांना शेपटीला धरून बाहेर काढलं होतं. विचारात गढले की ते नाकावर बसलेली माशी खायची विसरत. स्वतःच्या लग्नात ते ऐन मुहूर्ताला मांडवाच्या खांबाची सावली मोजत बसले. शेवटी वधूकडच्यांनी दुसरा सरडा उभा केला. या गोष्टी पिलांनासुद्धा तोंडपाठ होत्या.

वाद होता तो एकच. छायाचार्य मूळचे हिरवे की मूळचे तपकिरी? पोपटांचं म्हणणं, हिरवे. सशांचं म्हणणं, तपकिरी. दोन्ही बाजूंनी जाडजूड ग्रंथ निघाले होते. सरडा रंग बदलतो हे दोघांनाही मान्य होतं. पण मूळचा तो मूळचा, यावर दोघेही ठाम होते.

छायाचार्यांचं कार्य बिळोबिळी पोचवण्यासाठी एक मंडळ होतं. अध्यक्ष होते गवाअण्णा. आपल्याला गणितातलं ओ की ठो कळत नाही, असं ते दर सभेत मोकळेपणाने सांगत. त्यामुळे ते सर्वांना जवळचे वाटत.

कार्यवाह होते मुंगूसराव. त्यांनी वारुळापाशी एक अध्ययन-साधन केंद्र उघडलं होतं. तिथे छायाचार्यांची चित्रं मिळत, हिरवी वेगळी आणि तपकिरी वेगळी. गाणी मिळत. कोडी मिळत. सर्वांत जास्त मागणी होती ती सावली-संचाला. सागाची पानं कापून, कोळशाने काळी करून केलेल्या सावल्या. एक हरणाची, एक सशाची, एक झाडाची. ऊन नसलं म्हणून कोणाचा अभ्यास अडू नये, हा हेतू.

आणि मुख्य वक्ते होते बगळेसर.

बगळेसर मोठ्या तळ्यावर शिकून आले होते. खूप शिकले होते. पण आपल्याला त्यातलं नक्की काय येतं, ही शंका त्यांना कायम असे. व्याख्यान देताना मान पार आत ओढून, एका पायावर, ते अंग चोरून उभे राहत. कधी शंका बोलून दाखवली, तर श्रोते म्हणत, "केवढी ही नम्रता!" मग सरांना आणखी भीती वाटे.

पण व्याख्यान रंगे. बालपण व्हायचं, माशी व्हायची, लग्न व्हायचं. मग सर डोंगरापाशी येत.

"आणि मित्रहो, छायाचार्यांनी डोंगराच्या सावलीकडे पाहिलं." इथे सर थांबत. मान आणखी आत जाई. "पुढचं गणित त्यांनी कसं केलं, त्याच्या तपशिलात मी जात नाही."

की टाळ्या पडत.

पहिल्यांदा त्या सुटकेच्या पडल्या असाव्यात. पुढे तो रिवाजच झाला. मांडीवर झोपलेल्या पिलांना आया त्याआधी हलवून जागं करत. "ऊठ रे, तपशील आला. टाळ्या वाजव." काही मंडळी तर तेवढ्यासाठीच उशिरा येत. सभा चांगली झाली की नाही, हे त्या टाळ्यांवरून ठरे. आणि त्या नेहमीच चांगल्या पडत.

आता काटेकाकूंचं सांगतो. काटेकाकू म्हणजे साळिंदर. सभेच्या मैदानात एक जुना, प्रचंड बेहडा होता. त्याच्या पूर्वेला, मैदानाच्या कडेशी त्यांचं बीळ. पदरात दोन पिलं. त्यांचे काटे अजून मऊ होते, पावसाळी गवतासारखे.

एकदा सुतारपक्ष्याने बेहड्यावर चोच मारली आणि तो मध्येच थांबला. कान लावून ऐकू लागला.

"काकू, हा गेला," तो वरून म्हणाला. "बुंध्यात नुसती वाळवी. पश्चिमेचा वारा सुटला की आडवा. तुमच्या अंगाला."

"अगं बाई! माझ्या बिळापर्यंत पोचेल?"

"ते मला विचारू नका. मी ठोकतो, मोजत नाही."

काकूंचे काटे उभे राहिले. बेहडा उंच होता, शेंडा बघताना मान दुखायची. पण बीळही काही बुंध्याला चिकटून नव्हतं. झाड पोचतंय की अलीकडेच थांबतंय, नुसतं बघून कळेना. पलीकडच्या माळावर रिकामी बिळं होती. पण त्या माळावर तरस फिरायचा. उगाच भ्यायचं आणि पिलं तरसापुढे न्यायची? की धीर धरायचा आणि ती झाडाखाली ठेवायची?

मग काकूंना एकदम आठवलं. अरे, उंचीचंच तर शास्त्र आहे. आपल्याकडे तर त्याचं मंडळ आहे!

दोन्ही पिलांना घेऊन त्या मुंगूसरावांच्या केंद्रात गेल्या.

"या काकू, या. काय देऊ? हिरवे की तपकिरी?"

"मला बेहड्याची उंची पाहिजे."

मुंगूसरावांनी मागे वळून सगळे कप्पे पाहिले. "उंची आपण ठेवत नाही हो. सावली-संच घेऊन जा. त्यात झाड आहे."

"कुठलं झाड?"

"सर्वसाधारण."

"त्यावरून माझं बीळ वाचेल का ते कळेल?"

"काकू," मुंगूसराव समजुतीने म्हणाले, "त्यातून प्रेरणा घ्यायची असते."

तेवढ्यात धाकट्या पिलाने झाडाची सावली खाऊन टाकली. काकू माफी मागून बाहेर पडल्या.

त्या संध्याकाळी बगळेसरांचं व्याख्यान होतं. काकू पहिल्या ओळीत जाऊन बसल्या. बालपण झालं. माशी झाली. लग्नाला सगळे पोट धरून हसले. सर डोंगरापाशी आले. आयांनी पिलांना हलवलं.

"त्याच्या तपशिलात मी जात नाही," सर म्हणाले.

टाळ्या सुरू झाल्या आणि त्यांतून एक आवाज आला.

"जा ना."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

"काय म्हणालात?" सरांनी विचारलं.

"तपशिलात. जा ना सर. बेहडा पडायला आलाय आणि माझी पिलं त्याच्या वाटेत आहेत. छायाचार्यांनी ते कसं केलं, तेवढं सांगा. माशीचं नको."

गवाअण्णा जागे झाले. "काय झालं? संपलं का?"

"नाही अण्णा," मुंगूसराव कुजबुजले. "या बाई तपशील मागतायत."

"कोणाकडच्या आहेत? हिरव्या की तपकिरी?"

मागून कोणी म्हणालं, एवढ्या थोर पुरुषाचा विषय चाललाय आणि हिला बिळाची पडलीय. कोणी म्हणालं, हल्ली श्रोत्यांचा दर्जाच राहिला नाही. बगळेसर पिलांकडे बघत राहिले. त्यांची मान इतकी आत गेली की नुसती चोच दिसत होती. अण्णांनी घाईघाईने आभार मानले आणि सभा संपवली.

सगळे पांगल्यावर सर काकूंपाशी आले.

"काकू, खरं सांगू का? मला ते येतं की नाही, मलाच ठाऊक नाही. शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. पण करून कधी बघितलं नाही."

"मग उद्या बघू या."

"चुकलं तर?"

"चुकलं तर पुन्हा बघू. झाड काय आजच्या आज पडत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सर आले, पण धीर गोळा करता करता त्यांना भर दुपार झाली. सूर्य डोक्यावर. बेहड्याची सावली बुंध्याभोवती गोळा होऊन बसली होती. सर हरखले.

"काकू! सावली बघा केवढीशी. म्हणजे झाडही एवढंच. निर्धास्त राहा!"

काकूंनी झाडाकडे पाहिलं. मग सरांच्या पायांकडे पाहिलं.

"सर, तुमची सावली तर तुमच्या पंजाखाली मावली. म्हणजे तुम्ही बेडकाएवढे?"

सरांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"लबाड आहे मेली सावली," काकू म्हणाल्या. "सकाळी ताडासारखी, दुपारी एवढीशी. तिचं काय खरं धरायचं?"

"लबाड आहे," सर पुटपुटले. "पण सगळ्यांशी सारखीच लबाड आहे." आणि ते स्वतःच दचकले. "थांबा. थांबा हं काकू. आत्ता ती मला बुटकं दाखवतेय आणि झाडालाही बुटकं दाखवतेय. मग ज्या घटकेला ती माझ्याबद्दल खरं सांगेल, त्या घटकेला झाडाबद्दलही खरंच सांगणार. नाही का?"

"म्हणजे तुमची सावली तुमच्याएवढी होईपर्यंत थांबायचं."

"असंच असावं. मला तरी असं वाटतं. तुम्हाला?"

"मला पटलं. पण मला मोजू नका. राग आला की माझी उंची वाढते."

मग सर पूर्वेकडे चोच करून जमिनीवर आडवे झाले. एवढे शिकलेले गृहस्थ मातीत लांबलचक पडलेले पाहून पिलांना फार मजा वाटली. सरांचे पाय होते तिथे काकूंनी रेघ ओढली. चोचीचं टोक होतं तिथे आपला एक गळालेला काटा रोवला. सर उठून रेघेवर उभे राहिले. सूर्य कलू लागला. सावली काट्याकडे सरकू लागली. पण फार हळू.

"सर, मान!" काकू ओरडल्या. "निजलात तेव्हा लांब होतात. आता अर्धे आत गेलात."

"सवय नाही हो मान काढायची."

"पिलांसाठी काढा."

सरांनी मान काढली. डोकं मागे टाकून चोच आभाळाकडे धरली. थेट निजले होते तसे, सरळ, उभे. किती वर्षांनी कोण जाणे. समोर त्यांना बेहड्याचा शेंडा दिसला. आजवर या झाडाखाली त्यांनी इतकी व्याख्यानं दिली होती, शेंडा पहिल्यांदाच पाहिला.

चोचीची सावली काट्याला टेकली.

"आता!" सर ओरडले.

काकू धावल्या. बेहड्याची सावली मैदानभर पसरली होती. बिळाच्या तोंडावर गर्द काळोख होता. शेंड्याची सावली बीळ ओलांडून थोडी पुढे, मुरमाच्या जमिनीवर पडली होती. त्या टोकावर काकूंनी दुसरा काटा रोवला.

"पोचतंय," त्या म्हणाल्या. क्षणभर त्यांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. मग त्यांनी पुढे पाहिलं आणि काटे हळूहळू खाली आले. "पण तरसाच्या माळापर्यंत नाही पोचत. काट्याच्या पलीकडे गेलं की झालं."

मुरूम कठीण होता. काकूंनी नखं झिजवली. सरांनी चोच लावली, ती नंतर कायमची जराशी वाकडी झाली. पण नवं बीळ झालं आणि पिलं त्यात निजली. त्या दिवशी सर मासा खायचे विसरले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंगलात बातमी पसरली. छायाचार्यांनंतर प्रथमच कोणीतरी सावलीवरून उंची काढली! मंडळाने तातडीने सभा घेऊन सरांचा जाहीर सत्कार ठरवला. काकू प्रमुख पाहुण्या.

"सत्कार कुठे?" सरांनी विचारलं.

"जिथे प्रयोग झाला तिथेच," मुंगूसराव म्हणाले. "बेहड्याखाली. ऐतिहासिक जागा आहे आता ती."

"अहो, पण तिथे झाड पडणार आहे! तेच तर आम्ही काढलं!"

"म्हणून तर तिथे, सर. लोकांना प्रत्यक्ष जागा बघायला आवडते."

सत्काराच्या दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला होता. धूळ उडत होती. ऊन मी म्हणत होतं. त्यामुळे सगळं जंगल दाटीवाटीने बेहड्याच्या सावलीत बसलं होतं. बुंध्यापासून थेट जुन्या बिळापर्यंत. सावलीच्या बाहेर एक पाय नव्हता. फक्त काटेकाकू काट्यापलीकडे, रणरणत्या उन्हात, पिलांवर आपली सावली धरून बसल्या होत्या.

"काकू, पुढे या! पाहुण्या तुम्ही, उन्हात काय बसता?"

"मी इथेच बरी. तुम्हीच इकडे या."

"शिष्ट आहे," हरिणी ससुलीला म्हणाली.

मुंगूसरावांनी प्रास्ताविक केलं. बगळेसर लहानपणापासून उन्हाकडे कसे बघत बसत. शोधाच्या दिवशी ते मासा खायचे कसे विसरले. लोक गहिवरले. मागच्या बाजूला, सर मूळचे पांढरे की मूळचे राखाडी, यावर दबक्या आवाजात सुरूही झालं होतं. "प्रयोगाच्या तपशिलात मी जात नाही," मुंगूसराव म्हणाले. टाळ्या पडल्या.

सर बोलायला उभे राहिले. मान सरळ होती. वर शेंडा डोलत होता, आणि खाली, त्यांच्या मागे, बुंधा हळूच करकरला. सुतारपक्षी फांदीवरून उडाला तो थेट काट्यापलीकडे गेला.

"मित्रहो," सर म्हणाले, "हे झाड पडणार आहे. आत्ता. तुम्ही ज्या सावलीत बसलाय, तेवढ्याच जागेवर ते पडेल."

"वा!" गवाअण्णा म्हणाले. "काय खोल बोलतात."

"अण्णा, मी खोल बोलत नाहीये! माझी सावली माझ्याएवढी होते तेव्हा झाडाची सावली झाडाएवढी होते. म्हणून त्या काट्यापर्यंत..."

मागे जांभया सुरू झाल्या. एक माकड ओरडलं, "सर, माशाचं सांगा!" आयांनी पिलांना थोपटून निजवायला घेतलं. काकू पलीकडून दोन्ही हात हलवत होत्या. वाऱ्याचा एक झोत आला आणि बुंधा पुन्हा करकरला, या वेळी जोरात.

सरांनी त्या सगळ्या पिलांकडे पाहिलं. मग त्यांनी मान आत घेतली. एक पाय उचलला. लोकांना बरं वाटलं. हे आपले सर.

"बरं," सर म्हणाले. "तपशिलात मी जात नाही."

कडाडून टाळ्या.

"अल्पोपहार त्या काट्यापलीकडे ठेवला आहे. रायवळ आंबे आहेत." सर क्षणभर थांबले. "जरा कमीच आहेत."

मुलांनो, अशी धाव त्या जंगलाने वणव्यातसुद्धा घेतली नव्हती. सर्वांत पुढे गवाअण्णा. मागोमाग हरिणी, ससे, माकडं, मुंगूसराव. आयांनी पिलं तोंडात धरली आणि त्या सुटल्या. सावली रिकामी झाली. सर्वांत शेवटी सर उडाले.

बेहडा पडला. जमीन हादरली. धुळीने काही दिसेना. धूळ बसली तेव्हा शेंड्याची शेवटची डहाळी काकूंच्या काट्याला टेकून थांबलेली होती. काटा उभाच होता.

मग गवाअण्णांनी इकडेतिकडे पाहिलं.

"आंबे कुठायत?"

"नाहीत," सर म्हणाले.

मग जो गदारोळ झाला तो काय सांगू. विश्वासघात! विद्वानाने असं वागावं? सत्कार तिथल्या तिथे रद्द झाला. पुढच्या सभेत मंडळाने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला, की त्या दिवशी सर्वांचे प्राण अल्पोपहाराने वाचले. त्यात कोणाही वक्त्याचा हात नव्हता. तेव्हापासून त्या जंगलात अल्पोपहाराशिवाय व्याख्यान होत नाही. मुंगूसरावांच्या केंद्रात आता ऐतिहासिक काट्याच्या प्रतिकृती मिळतात.

बगळेसरांना व्याख्यानाला बोलावणं बंद झालं. ते सकाळी काकूंच्या नव्या बिळापाशी येत. पिलं त्यांना मातीत आडवं करून मोजत. मग पिलं वारूळ मोजत, दगड मोजत, सापडेल ते मोजत.

"वाईट वाटतं का सर?" एकदा काकूंनी विचारलं.

"थोडं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी खरं सांगता येत होतं, आणि मी खोटं बोललो."

"सगळ्यांशी सारखंच बोललात ना?"

सर विचारात पडले. मग त्यांनी मान जराशी बाहेर काढली.

तात्पर्य : शास्त्र लोकांपर्यंत पोचवायचं असेल तर तपशिलात जाऊ नये. फक्त अल्पोपहार कुठे मांडायचा, तेवढं आधी नीट मोजून घ्यावं.